हिरव्या खुणा

“वैनी, राग मानू नगा. पण पोरगी शांत बसलेली न्हाय. पोरगी तिथं न्हाईच.”

गोदाक्का हे म्हणाली तेव्हा मी दारात बसून पावटे सोलत होते. ती आमच्या शेजारच्या यंत्रमागांच्या शेडमध्ये सुताच्या कांड्या भरते, आणि दुपारच्या सुट्टीत बाटली भरून घ्यायला आमच्याकडे येते. माझी मुलगी ऋजुता खिडकीचा गज धरून शेडकडे तोंड करून उभी होती, अगदी स्तब्ध. गोदाक्कानं तिच्याकडे पाहिलं, बाटलीचं झाकण लावलं, माझ्या हातून भांडं पडलं तेव्हा पुन्हा पाहिलं आणि मग हे बोलली.

मी म्हणाले, “अक्का, तिच्या कानामागं यंत्र आहे ना, त्यानं शांत राहते ती. त्यासाठीच तर लावलंय.”

“असंल बाई. तुमी शिकल्याली मान्सं.”

हा टोमणा होता की नाही, मला आजही ठरवता येत नाही. तेव्हा मी त्या भानगडीत पडलेच नाही. ती चौथी शिकलेली, चाळीस वर्षं खडखडाटात काढून कानानं अर्धी झालेली. मी संख्याशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेली, स्वमग्नतेवरचं हाताला लागेल ते सगळं वाचलेली. मी पुन्हा पावटे सोलायला लागले.

इचलकरंजीच्या माणसाला मागांचा आवाज ऐकू येत नाही, असं आम्ही पाहुण्यांना गमतीनं सांगतो. औद्योगिक वसाहतीत आता बिनधोट्याचे नवे माग आलेत, त्यांचा आवाज कमी. आमच्या गल्लीत मात्र २०३९ सालीही जुनेच माग आहेत. आडवं सूत नेणारा धोटा इकडून तिकडे फेकला जातो आणि प्रत्येक फेकीला एक ठोका पडतो. मिनिटाला शंभरावर ठोके, आणि असे चोवीस माग. आम्हाला ते ऐकू येत नाही, कारण मेंदू ते गाळतो. पंख्याची घरघर, कॉलरचा स्पर्श, फोडणीचा वास, सगळं तो दारातच थोपवतो आणि कामापुरतं आत सोडतो. ऋजूचा मेंदू काही थोपवत नव्हता. कुकरची शिट्टी, ट्यूबलाइटची गुणगुण, फ्रॉकच्या शिवणीतला टोचरा दोरा आणि चोवीस माग, सगळं एकाच वेळी, एकाच जोरानं आत. अडीच वर्षांची असल्यापासून ती भिंतीवर डोकं आपटायची. मी भिंतीला कमरेइतक्या उंचीपर्यंत गोधड्या ठोकल्या होत्या.

म्हणून ‘अलगद’ आलं तेव्हा आम्ही रांगेत पहिले होतो.

दोन्ही कानांमागं बसणारी फिकट निळी पट्टी. आत दोन बारीक बटणं मेंदूच्या विजेच्या लाटा टिपतात. नको त्या आवाजाला उलटा आवाज सोडून पट्टी तो अर्धा मारते. शिवाय कानाच्या पाळीजवळून एक मज्जातंतू जातो, त्याला ती जाणवणार नाही इतक्या हळू विजेच्या गुदगुल्या करते. त्यानं छातीचे ठोके उतरतात, अंग सैल पडतं. इथपर्यंत सगळं ठीक होतं. पण प्रत्येक मुलाची शांतता वेगळी असते, ती यंत्राला कशी कळणार? कंपनीनं त्यावर काढलेला उपाय साधा होता. ती आई सांगेल. पहिले एकवीस दिवस मूल शांत दिसलं की आईनं मोबाइलवर हिरवी खूण करायची, त्रासात दिसलं की तांबडी. यंत्र त्या त्या क्षणाच्या लाटा लक्षात ठेवतं, आणि मग मुलाला तांबड्याकडून हिरव्याकडे ढकलत राहतं.

मी हे काम परीक्षेसारखं केलं. बाकीच्या आयांनी दिवसाला सात-आठ खुणा केल्या असतील, मी पस्तीस-चाळीस केल्या. आणि त्यातल्या निम्म्याहून जास्त हिरव्या खुणा त्या खिडकीतल्या होत्या. पट्टी येण्याच्या आधीपासून ऋजू कधीकधी खिडकीशी जाऊन थांबायची, दहा-पंधरा सेकंद. रडणं बंद, हात सैल, ओठाचा कोपरा किंचित हलायचा. मला वाटायचं, ती माग मोजतेय. दिवसभराच्या आकांतात तेवढेच क्षण मला श्वास घ्यायला मिळायचे. मी दर वेळी हिरवं दाबलं.

तीन महिन्यांत घर बदललं. गोधड्या निघाल्या. आम्ही कुटुंब म्हणून पहिल्यांदा लग्नाला गेलो, आणि बँडच्या आवाजातही ऋजू खुर्चीवर बसून राहिली. सन्मती, माझा नवरा, मागांचा जॉबर आहे, म्हणजे बिघडलेले माग दुरुस्त करणारा मिस्त्री. तो त्या मांडवात मला म्हणाला, “बघ, सात वर्षांनी गरम जिलेबी खातोय मी.” मोबाइल रोज संध्याकाळी सांगायचा: आज ऋजुता ९४ टक्के शांत.

मुलांच्या उपचार केंद्रात पालकांचा मेळावा झाला, तेव्हा तिथल्या मॅडमनी माझ्या खुणांचं कौतुक केलं. कंपनीनं माझी परवानगी मागितली. ज्या आयांना एकवीस दिवस बसून खुणा करणं जमत नाही, त्यांच्या मुलांसाठी ऋजूच्या खुणांचा साचा वापरू द्याल का? मी हो म्हणाले. अभिमानानं म्हणाले, लपवत नाही.

रुबीना मोमीन माझ्या शेजारच्या खुर्चीवर होती. ती शर्ट शिवायच्या कारखान्यात दिवसपाळीला, नवरा इस्माईल मागांवर बारा तासांच्या पाळीला. त्यांची माहिरा ऋजूहून वर्षानं लहान, तसलीच, कानांवर हात घट्ट दाबून बसलेली.

“दीदी, तुमची ऋजू वेगळी, माझी माहिरा वेगळी. कसं चालंल?” रुबीनानं विचारलं.

“यंत्र जुळवून घेतं. माझ्या खुणा पक्क्या आहेत, तू बिनधास्त घे.”

“मग घेते. तुम्ही सांगितलं म्हणजे झालं.”

मला पहिला संशय आला तो ऋजूच्या वहीमुळे.

ऋजू बोलते थोडं, पण रेघा ओढते. दोनशे पानी वही, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत पेन्सिलीची सरळ रेघ, मग खाली दुसरी. पट्टी लागण्यापूर्वीच्या वह्यांत रेघा ताठ होत्या, क्वचित एखादी मोडलेली. आता जवळजवळ प्रत्येक पानावर एखादी रेघ मध्येच पातळ व्हायची, खाली ओघळायची, तुटायची, आणि बोटभर अंतरावर पुन्हा सुरू व्हायची. जणू काही झालंच नाही अशी.

आधी मी पेन्सिल बदलली. मग वाटलं, केंद्रात तिला गप्प ठेवायला काहीतरी पाजतात. तीन दिवस मी तिची पाण्याची बाटली हुंगून पाहिली. मग सन्मतीनं मोबाइलवर पट्टीचा जोर वाढवला असेल, असं वाटून त्याचा मोबाइल तपासला.

“माझी पण बाटली हुंगतेस का?” तो म्हणाला.

“ऋजू घास तोंडात धरून बसते. ‘आई पाणी’ म्हणायला लागते आणि ‘आई’वरच थांबते. तुला दिसत नाही?”

“मला दिसतं की पोरगी डोकं आपटत नाही. तुला ना, सुख पचत नाही. सुखात पण चिमटा काढून बघतेस, खरंय का म्हणून.”

त्याचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. मी तशीच आहे. म्हणून मी भांडले नाही, मोजलं. चार दिवस ऋजूच्या शेजारी घड्याळ घेऊन बसले आणि रेघ कधी तुटते त्याची वेळ लिहिली. नंतर मोबाइलमधल्या पट्टीच्या नोंदी काढल्या. एकतीस वेळा रेघ तुटली होती. त्यातल्या एकोणतीस वेळा पट्टीनं त्याच क्षणी लिहिलं होतं: गाढ शांतता.

यंत्र सगळ्यात खूश होतं तेव्हा माझ्या मुलीच्या हातातली पेन्सिल गळत होती. मी कागद उलटा ठेवला आणि सरळ शेडमध्ये गेले. तिथं बोलायचं तर कानाशी तोंड न्यावं लागतं.

“अक्का, त्या दिवशी तू काय बघितलंस?”

गोदाक्कानं मला बाहेर आणलं. “पापणी बघितली. बारीक थरथरत व्हती. आन् तुमी भांडं पाडलं तरी पोरगी दचकली न्हाई.” मग शेडकडे हात केला. “ह्येंच्यात कांडी संपली, सूत संपलं, तरी माग खडखडतच ऱ्हातो. आवाजात काय फरक न्हाय. कापडावर नजर टाकल्याबिगर कळत न्हाय, की मोकळाच चाललाय. मला तशी दिसली वो ती.”

“मग नीट का नाही सांगितलंस?”

“सांगितलं की.” ती एवढंच म्हणाली आणि आत गेली.

मिरजेच्या डॉक्टर अनघा शिराळकर मेंदूच्या आजारांच्या. त्यांनी ऋजूची पट्टी काढून ठेवली, डोक्याला एकवीस तारा लावल्या आणि तिच्या हातात कागदाची भिंगरी दिली. “फुंकत राहायचं हं. थांबायचं नाही.” ऋजूला भिंगरी आवडली. ती फुंकत राहिली. सन्मती दाराशी उभा होता, माझ्याकडे न बघता.

दीड मिनिटानं भिंगरी मंदावली आणि थांबली. ऋजूची मान तशीच, डोळे उघडे, पापण्या थरथरताहेत. डॉक्टरांनी तिच्या नावानं हाक मारली. चमचा ट्रेवर आपटला. खांद्यावर हात ठेवून हलवलं. समोरच्या पडद्यावर इतका वेळ विस्कटलेल्या रेघा होत्या, त्यांच्या जागी टोकदार, एकसारखे डोंगर उमटले, सेकंदाला तीन. अकरा सेकंदांनी डोंगर संपले. ऋजूनं पुन्हा भिंगरी फुंकली.

डॉक्टरांनी आम्हाला खुर्च्यांवर बसवलं. “हिला आकडी येते का, असं कुणी कधी विचारलं होतं तुम्हाला?”

“चार-पाच वेळा. दर वेळी मी ‘नाही’ म्हणाले.”

माझ्या डोळ्यांसमोर आकडी म्हणजे आमच्या गल्लीतला बंडा होता. पडला, ताठला, तोंडाला फेस, आणि कुणीतरी कांदा फोडून त्याच्या नाकाशी धरायला धावतंय. उभ्या उभ्या, न पडता, आवाज न करता कुणाला आकडी येते, हे मला ठाऊक नव्हतं. बी.एस्सी. असून ठाऊक नव्हतं.

“मेंदूच्या पेशी एरवी आपापल्या तालात काम करतात,” डॉक्टर म्हणाल्या. “आकडीत त्या सगळ्या एकाच तालात...”

“चोवीस माग,” सन्मती एकदम बोलला. “चोवीस माग चालतात पण एकत्र ठोका कधी पडत नाही, मागंपुढं पडतो. सगळे धोटे एकदम आदळले तर भिंतीला तडा जाईल.”

“बरोबर तसंच,” त्या म्हणाल्या. “तेवढे सेकंद ती काही ऐकत नाही, बघत नाही, लक्षात ठेवत नाही. स्वमग्न मुलांत आकडीचं प्रमाण इतरांपेक्षा बरंच जास्त असतं, आणि अशी मूक आकडी तर हमखास सुटते. मूल तंद्रीत आहे असं वाटतं. पण तंद्रीतलं मूल हात लावला की वळतं. हे वळत नाही.”

मग त्यांनी पट्टी लावून पुन्हा तपासलं. जोरानं फुंकलं की ही आकडी लवकर येते, पण या वेळी भिंगरी नाही, काही नाही, ऋजू फक्त बसली होती. वीस मिनिटांत डोंगर सात वेळा उमटले.

“पट्टीनं आणलं का हे?” मी विचारलं.

“नाही, ते आधीपासून असणार. पट्टीला फक्त दोन बटणं, तिला एवढं बारीक दिसत नाही. अंग झटकणारी मोठी आकडी ती ओळखते. ही तिला मोठ्या, एकसारख्या लाटांसारखी दिसते, म्हणजे शांतच. पण ती मुलीला मुद्दाम त्या जागी नेतेय, पुन्हापुन्हा. ही जागा चांगली आहे असं तिला कुणीतरी शिकवलंय.”

कुणी, हे त्यांनी विचारलं नाही. मीच सांगितलं.

परतताना सन्मतीनं गाडी अंकलीच्या पुलाअलीकडे थांबवली. चहा प्यायला असं म्हणाला, पण उतरला नाही. तिथंच बसून म्हणाला, “मांडवात जिलेबी खाताना ती माझ्या शेजारीच होती ना गं?”

गोळ्या सुरू झाल्या. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणं पट्टीचा जोर पंधरा दिवसांत उतरवत नेला आणि मग ती काढली. ऋजू परत आली, आणि तिच्याबरोबर सगळा आवाजही परत आला. पहिल्या सकाळी माग सुरू झाले तशी ती किंचाळत माझ्या पोटात घुसली, दोन्ही कान माझ्या हातांखाली देऊन. मी तिला धरून बसले आणि मला बरं वाटत होतं, हे कुणाला सांगायची सोय नाही. सन्मतीनं शेडच्या मालकाला गाठून आमच्या बाजूच्या चार मागांखाली रबर घातलं. गोधड्या पुन्हा भिंतीवर गेल्या. वहीतल्या रेघा आता पुष्कळशा पानाच्या कडेपर्यंत जातात.

पण मी संशयी बाई आहे. माझ्या डोक्यातून साचा जाईना.

मी तक्रार केल्यावर कंपनीचा माणूस मोबाइलच्या पडद्यावर आला. इस्त्रीचा शर्ट, मागं हिरवंगार झाड, बहुतेक खोटं.

“मॅडम, तुमचा डेटा आमच्याकडच्या उत्कृष्ट डेटापैकी होता,” तो म्हणाला.

“तो चुकीचा होता. मी आकडीला शांत म्हटलं होतं.”

“आम्ही त्याची गंभीर दखल घेतली आहे. तो साचा मागे घेतलाय.”

“किती मुलांना लावला होता?”

“ती माहिती गोपनीय असते.”

“त्यांच्या आयांना सांगितलं का, का काढला ते?”

“सर्व पालकांना सूचना गेलेली आहे, मॅडम.”

ती सूचना माझ्याही मोबाइलवर आली होती. मी ती त्याला वाचून दाखवली: ‘नवी सुधारणा उपलब्ध. आता अनुभव अधिक सुखद.’ आकडीचा शब्द नाही, डॉक्टरांचा नाही. तो म्हणाला, लोक घाबरू नयेत अशी भाषा ठेवावी लागते.

केंद्राच्या मॅडमनी मला यादी दिली. कशी दिली ते लिहीत नाही, त्यांची नोकरी आहे. ऋजूचा साचा सदतीस मुलांना गेला होता. दीड महिना मी आणि सन्मती शहापूर, कबनूर, कोरोची, हुपरी अशी घरं शोधत फिरलो. काही ठिकाणी पाणी मिळालं, काही ठिकाणी “आमचं पोरगं सुधारतंय ते बघवत नाही काय?” हे मिळालं. तो सूर मला ओळखीचा होता, मी कुणावर रागावले नाही. पुष्कळ मुलांना साच्यानं काहीही झालं नव्हतं. सगळेच मेंदू त्या बाजूला ढकलले जात नाहीत, डॉक्टर म्हणाल्या. पण नऊ मुलं आम्ही मिरजेला नेली आणि त्यातल्या पाचांच्या पडद्यावर ते डोंगर उमटले. त्यातला एकजण नऊ वर्षांचा. गेल्या वर्षभरात तो पोहे, पंखा, मामा असे येणारे शब्द विसरत गेला होता. घरच्यांना वाटलं होतं, मोठा झाला तसा अबोल झाला.

छत्तीस मुलं सापडली. सदतिसावी माहिरा.

रुबीना दिवाळीनंतर इचलकरंजी सोडून गेली. इस्माईलच्या भावानं मालेगावात माग घेतले, तिकडे सगळे गेले, एवढंच शेजारणीला माहीत. रुबीनाचा जुना नंबर आता जालन्याच्या एका ट्रॅक्टर दुकानदाराला मिळालाय. मी दहा वेळा लावला, तो बिचारा अजूनही न चिडता बोलतो. सुधारणा त्याच नंबरावरून उतरते. नंबर गेला म्हणजे सुधारणा नाही. आणि पट्टी इंटरनेटशिवायही चालत राहते, तिची जाहिरातच तशी होती. म्हणजे माझा जुना साचा माहिराच्या कानामागं आज, आत्ता, चालू आहे. कंपनी पत्ता देत नाही. पोलिसांनी विचारलं, “मुलगी हरवली आहे का?” मी नाही म्हटलं. “आजारी आहे असं आईनं कळवलंय का?” नाही. “मग तक्रार नेमकी काय?”

आम्ही मालेगावला दोनदा जाऊन आलो. मागांच्या गल्ल्या इथल्यापेक्षाही दाट, मोमीन आडनावाची घरं मोजायची सोय नाही, आणि ‘शांत मुलगी’ म्हणून कुणाला कुठं शोधणार?

म्हणून हे लिहिलं. तुम्ही मालेगावात असाल, किंवा तुमचं कुणी तिथं असेल, तर माहिरा इस्माईल मोमीन हे नाव लक्षात ठेवा. सात पूर्ण होऊन आठवं लागलं असेल. डाव्या भुवईत बारीक खाच आहे, कानांमागं फिकट निळी पट्टी. घरचे तिची तारीफ करतील. किती गुणी आहे, काही त्रास नाही, असं सांगतील, आणि ते खोटं बोलत नसतील. कशी आहे ते त्यांना विचारू नका. तिच्याजवळ बसा. ती कुठंतरी टक लावून थांबली की खांद्यावर हात ठेवा आणि वळते का बघा. एकदा नाही, चार-पाच वेळा बघा.

नाही वळली, तर पट्टी ओढून काढू नका, एकदम काढली तर आणखी बिघडेल. रुबीनाला सांगा की आधी मेंदूच्या डॉक्टरांकडे जा. आणि सांगा की खुणा तिच्या दीदीच्या चुकल्या, तिचं काही चुकलं नाही. माझा नंबर खाली देते. ती रागावली तरी चालेल, फक्त एकदा बोलू दे.

एवढं बघून याल का?